दिगूच्या गाडीचं इंजिन

"मग चूक कुठं झाली? तेवढं सांगा, उस्ताद."

डिझेलच्या ट्रेमध्ये एक बेअरिंग बुडवून दस्तगीर मिस्त्री ब्रशनं धूत बसले होते, ते तसेच धूत राहिले.

जालिंदर समोर उभा होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून याच शेडमध्ये, याच माणसाच्या हाताखाली तो पाना धरायला शिकला. मग खालच्या बाजारपेठेत स्वतःचं गॅरेज काढलं. छोट्या पिकअपमध्ये मोठं इंजिन बसवावं तर जालिंदरनंच, असं नाव झालं. नाव झालं तशी मानही ताठ झाली. घाटमाथ्यावरच्या या शेडकडं वाट वाकडी करायला त्याला सवड मिळेना.

आज मिळाली. कारण दिगू पाटोळेची पिकअप घाट उतरताना दरीत गेली होती. दिगू जागीच गेला. त्या पिकअपमध्ये जालिंदरनं बसवलेलं इंजिन होतं.

आणि शेडजवळच्या फाट्यावर, चहाच्या टपरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत, एकच बोलणं चाललं होतं. जालिंदरच्या इंजिनानं दिगूला खाल्लं.

लोकांची तोंडं बंद करायला एकच माणूस पुरेसा होता. दस्तगीर मिस्त्री 'काम चोख होतं' एवढं म्हणाले असते, तर घाटातला एकही ड्रायव्हर पुढं ब्र काढणार नव्हता. तेवढे दोन शब्द न्यायला जालिंदर आला होता. पुरावाही बरोबर आणला होता. पंचनामा उरकून पिकअपचा सांगाडा वर आला, तेव्हा दिगूच्या वडिलांनी, महिपती आप्पांनी, "दारात नको, घेऊन जा" म्हणून सांगितलं. जालिंदरनं त्यातून इंजिन उतरवून घेतलं. ते आता शेडबाहेर त्याच्या टेम्पोच्या हौद्यात, दोरानं आवळून ठेवलेलं होतं.

"सांग," उस्ताद शेवटी म्हणाले. "काय काय केलंस?"

जालिंदरला तेवढंच हवं होतं.

"इंजिन बसायची चारी फाउंडेशन नवी बनवली. वेल्डिंग माझ्या हातानं केलं, दुसऱ्या कुणाला शिवू दिलं न्हाई. चाकांकडं जाणाऱ्या दांड्याचा जॉइंट बदलला. रेडिएटर मोठा टाकला. कोकणातनं जांभ्याचं चिरं भरून वर येताना आधी गाडी निम्म्या ओझ्याला रडायची. नंतर दुप्पट भरली तरी गाणं म्हणत चढायची, उस्ताद! मोठाले ट्रक मागं पडायचे."

सांगता सांगता त्याचा आवाज चढला. आपण कुणाच्या गाडीबद्दल बोलतोय हे तो क्षणभर विसरलाच.

"आणि उतरताना?"

"उतरताना काय... बटाट्याची पोती. कोकणातल्या बाजाराला."

"किती?"

"...ती बी दुप्पट. इंजिनात दम हाय म्हटल्यावर दिगू कशाला कमी भरतोय?"

उस्तादांनी बेअरिंग ट्रेमधून काढलं. उजेडात धरून बोटानं फिरवलं.

"ब्रेक?"

"हुते की. चालू हुते."

"कुठले?"

"गाडीचेच. पहिल्यापासनंचे."

"लहान इंजिनाच्या गाडीचे."

जालिंदरनं पायाखालच्या ऑइलच्या डागाकडं पाहिलं.

"उस्ताद, ब्रेकचं काम मला कुणी सांगितलंच नव्हतं. दिगू म्हणाला, इंजिन मोठं कर. म्या केलं. उताराला लहान गिअर टाकून यायचं, हे ड्रायव्हरनं बघायचं का मी? आता खरं सांगा, इंजिनात काय दोष हाय?"

"इंजिनात दोष नाही."

जालिंदरचा जीव भांड्यात पडला.

खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. दिगू त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या दहाव्याला हा गडी दारापर्यंत जाऊन माघारी आला होता, आत पाऊल टाकायचं धाडस झालं नव्हतं. आणि आता, त्याच दोस्ताच्या मरणाबद्दल बोलताना, याला हलकं वाटलं.

"मग तेवढंच म्हणा की! रविवारच्या बाजारात, चार माणसांत. बाकी मला काय बी नको."



उस्तादांनी बेअरिंग फडक्यात गुंडाळलं आणि फळीवर ठेवलं. ही असली गप्प बसण्याची तऱ्हा जालिंदरला चांगली ठाऊक होती. शिकताना याच गप्प बसण्यानं त्याला किती वेळा रडवलं होतं. पण तो आता शिकाऊ राहिला नव्हता.

"खरं वाटत नसंल तर ऐकाच," तो म्हणाला आणि बाहेर निघाला.

"नको लावू," उस्ताद मागून म्हणाले.

"का?"

"राहू दे, जालिंदर. इथं नको."

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, पण जालिंदरनं ते आपल्या सोयीनं ऐकलं. म्हातारा चेल्याच्या कामावर जळतो, असं त्याच्या मनात येऊन गेलं. तो हौद्यात चढला. डिझेलच्या कॅनमधली नळी बघितली, बॅटरीच्या तारा जोडल्या.

"रेडिएटर न्हाई, पाणी न्हाई त्याच्यात. एखादं मिनिटच लावतो. लगीच डिझेल पंपाची दांडी ओढून बंद करतो."

इंजिन पहिल्याच झटक्याला चालू झालं.

दरीत पडून, ढिगाऱ्याखाली राहून, पावसाचं पाणी खाऊनसुद्धा ते असं चालू झालं, जसं काही घडलंच नव्हतं. एक ठोका इकडचा तिकडं नाही. भरदार, गोल आवाज. फाट्यावरची दुकानं, रस्त्यापलीकडची घरं, सगळीकडं तो भरून राहिला. जालिंदरनं डोळे मिटून घेतले. छाती फुगली.

"ऐका!" तो ओरडला. "ऐका, उस्ताद! हाय का कुठं खोट?"

त्यानं डोळे उघडले.

उस्ताद शेडबाहेर आले होते. पण ते इंजिनाकडं बघत नव्हते, रस्त्यापलीकडं बघत होते.

रस्त्यापलीकडून महिपती आप्पा येत होते.

आप्पांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. जालिंदरला हे ठाऊक होतं. लहानपणी त्या घरात तो जेवला होता, झोपला होता. पण तारा जोडताना त्याला आपल्या इंजिनापलीकडं काही दिसलंच नव्हतं.

आप्पा अनवाणी होते. डोक्याचं मुंडण केलेलं. काखेत वैरणीची पेंढी तशीच. गोठ्यातून निघाले ते ती खाली ठेवायचंही भान राहिलं नव्हतं.

ते रस्त्याच्या मधोमध थांबले. टेम्पोकडं त्यांनी बघितलंच नाही. घाटाचा रस्ता जिथून वर येतो त्या वळणाकडं ते बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले.

मग हळूहळू मान वळली.

"दस्तगीरभाई..." ते जवळ येत म्हणाले. "मला ठावं हाय, तो न्हाई येत. सगळं माझ्या हातानं केलंय. पर आवाज आला आन् पाय निघालं."

उस्तादांनी त्यांच्या काखेतली पेंढी काढून घेतली. स्टूल पुढं ओढलं. आप्पा बसले नाहीत.

त्यांनी टेम्पोच्या फळीवरून हात आत घातला आणि थरथरणाऱ्या इंजिनावर तळवा ठेवला. धातू तापायला लागला होता. त्यांनी हात मागं घेतला नाही.

"खालच्या वळणापासनं आवाज वळखायची त्याची आई," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कळत नव्हतं. "धा गाड्या येऊ द्यात, तिला बरोबर ही गाडी कळायची. म्हणायची, आलं माझं पोर. मग च्याचं आदण ठेवायची..."

ते थांबले.

"आता बी उठून चुलीपाशी गेली."

जालिंदरला हौद्यातून उतरता येईना आणि तिथं उभंही राहवेना. आप्पांनी शिवी दिली असती, दगड मारला असता, तर त्यानं तो खाल्ला असता. आप्पांनी त्याच्याकडं अजून पाहिलंही नव्हतं.

जळक्या रंगाचा वास यायला लागला. मिनिट केव्हाच होऊन गेलं होतं. पाण्याविना इंजिन भाजत होतं. आवाजाचा गोलपणा गेला, तो खरखरीत झाला. अजून थोडा वेळ असंच चाललं तर आतलं सगळं एकमेकाला धरणार आणि इंजिन कायमचं जाम होणार, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

जालिंदरचा हात पंपाच्या दांडीकडं गेला.

"ऱ्हाऊ दे, पोरा," आप्पा म्हणाले. मान खालीच. "चालू ऱ्हाऊ दे जरा."

हात तिथंच थांबला.

"आप्पा, पाणी..."

आजवर किती इंजिनं त्यानं बंद केली असतील, त्याला मोजदाद नव्हती. बोटभर लांबीची दांडी. लहान मूलसुद्धा ओढेल. त्याला ती ओढवेना. रस्त्यापलीकडं आप्पांच्या घराच्या कौलांतून धूर वर यायला लागला होता, आणि तो धूर दिसेपर्यंत जालिंदर धीर धरून होता. मग त्याचे डोळे भरून आले.

त्यानं उस्तादांकडं पाहिलं. शेडमध्ये पहिल्या दिवशी पाना उलटा धरला होता तेव्हा पाहिलं होतं तसं.

"उस्ताद... बंद करू?"

दस्तगीर मिस्त्री वैरणीची पेंढी तशीच छातीशी धरून उभे होते.

"मला नको विचारूस, जालिंदर... आप्पांना विचार."