टेबलाला कोणी विचारले?

एकदा एका कारखान्यात, सोमवारी सकाळी सव्वासात वाजता, पहिली पाळी सुरू झाली आणि एक जुने मिलिंग मशीन तेवढे बंद राहिले. त्यावर बावीस वर्षे काम केलेले दस्तगीर मुलाणी गेटबाहेर होते. पंपांच्या चाळीस झाकणांची भोके सरकली होती आणि तो दोष त्यांच्या हातावर टाकून त्यांना निलंबित केले होते.

निलंबनाला आधार होता तरुण इंजिनिअर संयोगिताच्या अहवालाचा. तिने मशीनचे टेबल दहा वेळा सरकवून पाहिले होते. दर वेळी स्क्रीनवरचा आकडा बिनचूक. 'मशीन निर्दोष' असे लिहून तिने सही केली होती. तरी मन खात होते. म्हणून तिने आपल्या गुरूंना, निवृत्त मिस्त्री भरमूअण्णांना, बोलावून घेतले.

अण्णांनी आल्या आल्या मोटर आणि टेबल सरकवणारा लांब स्क्रू यांच्यामधला जोडच सोडवून ठेवला.

"अहो अण्णा, आता टेबल हलणार कसं?"

"हलू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे. तू हुकूम सोड. तीनशे मिलिमीटर."

तिने बटण दाबले. मोटर घुमली. टेबल जागचे हलले नाही. स्क्रीनवर मात्र आकडे पळत गेले आणि थांबले.

"वाच की."

"तीनशे. बिनचूक तीनशे."

"ही स्क्रीन विचारती कुणाला? मोटरला. मोजणारं यंत्र मोटरच्याच पाठीवर बसवलंया. मोटर म्हणती, मी फिरले. खोटं न्हाई बोलत पोरी, ती खरंच फिरली. पण पुढं स्क्रू झिजलाय. टेबल कुठवर पोचलं, हे टेबलाला कुणी विचारलंच न्हाई. तू दहा वेळा विचारलंस खरं, पण दहाही वेळा एकालाच."

जोड पुन्हा आवळून अण्णांनी टेबलाच्या कडेला, टेबल स्वतः किती सरकले ते दाखवणारी काचेची मोजपट्टी बसवायला घेतली. तेवढ्यात मॅनेजर आले.

"मिस्त्री, आकडा बरोबर येतोय ना? मग हे पट्टीचं खूळ कशाला?"

"साहेब, गिऱ्हाइकाला आकडा पाठवताय का झाकण?"

मॅनेजर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पट्टी बसली. मोटर तीनशे म्हणाली. पट्टीने टेबल अठरा शतांश मिलिमीटर मागे असल्याचे दाखवले. भोके सरकायला तेवढे पुरे होते.

"पट्टीनं झीज भरत न्हाई," अण्णा म्हणाले. "स्क्रू बदलावाच लागंल. पण आता मशीनला लपवता येणार न्हाई."

संयोगिताने ते दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले. तिची चाचणी चुकली नव्हती; तिने साक्षीदार चुकीचा निवडला होता. ज्याच्यावर संशय, त्याचाच खुलासा जोडून चौकशी मिटवायची ही रीत एका कारखान्यापुरती आहे, असे कोणी समजू नये. तिने तिथेच स्टुलावर बसून नवा अहवाल लिहिला. पहिले वाक्य होते: 'माझा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता.'

अहवाल मंगळवारी दुपारी मॅनेजरांच्या टेबलावर पोचला. पोच म्हणून त्यांची सही आहे, वेळही लिहिली आहे, तीन वाजून दहा मिनिटे. त्याला आज अठरा दिवस झाले. स्क्रू बदलून मशीन दोन पाळ्यांत चालते आहे. मुलाणींचे निलंबन कायम आहे.