तमालाचा अंगठा

पूर्वी शंखवती नावाच्या नगरात महीसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कावडवाल्याच्या घरी जन्मला आणि मोठा झाल्यावर स्वतःही कावड वाहू लागला. त्या जन्मी त्याचे नाव चंदिल होते. खांद्यावर बांबू, बांबूच्या दोन टोकांना शिंकी आणि शिंक्यांत लोकांचा माल. तेल, तूप, मध, वैद्याचे काढे, बाजारातून जो जे मागवी ते त्याच्या दारात नेऊन ठेवायचे, हा त्याचा धंदा. राजाचे नाव इथे एवढ्याचसाठी घेतले की अशा गोष्टीत राजा असावा लागतो. या गोष्टीत त्याने काहीच केले नाही.

नगरातल्या कावडवाल्यांचा एक संघ होता, त्याला श्रेणी म्हणत. श्रेणी कावडवाल्यांची असली तरी तिचे नियम व्यापाऱ्यांनी घालून दिलेले होते. घेणाऱ्याचा शब्द अखेरचा, हा पहिला नियम. माल आला नाही, फुटका आला, कमी आला, असे घेणारा म्हणाला की ते खरे. मग श्रेणीच्या कोठारातून दुसरा माल त्याच्याकडे जाई आणि कावडवाल्याच्या बांबूवर कोयत्याने एक खाच पाडली जाई. ही खाच केवळ दाखवण्यापुरती नसे. एका खाचेने बांबू कुरकुरू लागे, दोन खाचा झाल्या की जड ओझे नेताना तो भर रस्त्यात दगा देईल की काय ही धाकधूक कायमची मागे लागे. तिसऱ्या तक्रारीला बांबू चौकात मोडून टाकत, आणि त्या माणसाला त्या नगरात पुन्हा कावड उचलता येत नसे.

चंदिलच्या बांबूवर दोन खाचा होत्या. पहिली एका सोनाराच्या कृपेने पडली होती. त्याने तुपाचा गडवा आत घेतला, दार लावले आणि घटकाभराने तेच दार उघडून गडवा आलाच नाही असे सांगितले. दुसरी एका पंडिताची होती. त्याने अर्धे तेल काढून घेतले आणि घडा गळका होता म्हणून गल्ली डोक्यावर घेतली. पंडिताला बोलता येत होते, कावडवाल्याला तेवढे येत नव्हते, आणि तिथेच निकाल लागला.

यावर कावडवाल्यांनी आपल्यापुरती एक तोड काढली होती. प्रत्येकाच्या कमरेला ओल्या मातीची डबी असे. माल दिला की मातीची एक चकती थापायची आणि घेणाऱ्याची अंगठी किंवा अंगठा तिच्यावर उमटवून घ्यायचा. चकती उन्हात वाळली की तो पुरावा, आणि तो श्रेणीलाही मान्य होता. अडचण एवढीच की मोठ्या घरांतून अंगठा मिळत नसे. आम्ही काय चोर आहोत का, असे विचारून ते लोक नाक मुरडत, आणि कावडवाला हात जोडून पायऱ्या उतरे.

सगळ्यांत मोठे घर होते गृहपती कालकाचे. त्याच्याकडे काही कमी नव्हते. चार माणसांत तो इतका गोड बोले की नवख्याला वाटावे, याच्यासारखा सज्जन शोधून सापडायचा नाही. पण दारात आलेला माल तो वर्षातून पाचसहा वेळा तरी नाकारी. त्याला गरज नव्हती. चालून जाते म्हणून तो करी. त्याच्याकडचा माल निघाला की कावडवाले सकाळी काड्या ओढत. आखूड काडी ज्याच्या हाती येई त्याचे तोंड उतरे आणि बाकीचे आपापली शिंकी नीट करण्यात गुंतून जात.

एकदा मधाचे दोन घडे तिकडे जायचे होते आणि आखूड काडी चंदिलच्या हाती आली. तो गेला. देवडीवर तमाला नावाची दासी आली, तिने घडे उतरवून घेतले. चंदिलने भीत भीत अंगठा मागितला. या दारात आम्ही अंगठा देत नाही, असे ती म्हणाली, पण म्हणता म्हणता तिची नजर त्याच्या बांबूवर गेली. तिने दोन्ही खाचा पाहिल्या. मग मागे वळून कोणी नाही असे बघितले आणि चकतीवर अंगठा दाबला. लहानपणी चुलीवर भाजल्याने त्या अंगठ्याची एक कड सपाट झाली होती. तसा ठसा नगरात दुसऱ्या कोणाचा उमटला नसता. चंदिलने चकती उन्हात वाळवली आणि ती फडक्यात बांधून तो हलक्या मनाने परतला. आज आपण सुटलो, असे त्याला वाटले.

दुसऱ्याच दिवशी कालकाची तक्रार आली की मध मिळालेला नाही.

चंदिलला धक्का बसला नाही, उलट जरा आनंदच झाला, कारण या खेपेला पुरावा त्याच्या कमरेला होता. तो आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी तमाला पाण्याला आली असताना विहिरीपाशी त्याला भेटली. तिने जे ऐकले होते ते सांगितले. कालक घरात म्हणाला होता, कावडवाल्याने चकती दाखवलीच तर बरेच झाले. घडे मला मिळालेले नाहीत, मग चकतीवर ज्याचा ठसा असेल त्यानेच ते पळवले. आणि चोरी करणाऱ्या दासीला त्या नगरात काय शिक्षा आहे ते विहिरीवरच्या सगळ्या बायकांना माहीत होते. तिचा अंगठा कापत.

"दादा, तुम्ही चकती दाखवलीत तर माझा अंगठा जाईल," तमाला म्हणाली. "नाही दाखवलीत तर तुमची कावड जाईल. मी तुम्हाला काय सांगू? काही सांगायला तोंड नाही मला."

तिने रडून दाखवले नाही की पाया पडली नाही. घागर भरली आणि ती निघून गेली. चंदिल बराच वेळ विहिरीच्या काठाशी बसून राहिला. बोधिसत्त्व होता म्हणून त्याला राग आला नसेल असे कोणी समजू नये. आला, आणि चांगलाच आला. कालकाचा आला, नियमांचा आला, क्षणभर तर तमालाचाही आला, की हिने त्या दिवशी अंगठा दिला नसता तर निदान निवड करण्याची ही वेळ तरी आली नसती. मग त्याला आठवले की अंगठा त्यानेच मागितला होता, आणि ज्या दारात कोणी देत नाही तिथे तिने तो त्याच्या दोन खाचांकडे बघून दिला होता. त्यानंतर राग धरून ठेवायला त्याला जागा उरली नाही.

एक वाट मात्र शिल्लक होती. श्रेणीच्या जुन्या रिवाजाप्रमाणे पाच कावडवाल्यांनी एकाच दाराविरुद्ध शब्द दिला, तर त्या दाराची तक्रार रद्द होई आणि तिथे माल नेणे कायमचे बंद केले जाई. पाच भरले नाहीत, तर जे बोलले त्यांच्या बांबूवर एकेक खाच पडे. म्हणून आजवर कोणी बोलले नव्हते. चंदिल त्याच संध्याकाळी आपला जुना सोबती गोमिल याच्याकडे गेला. गोमिलच्या बांबूवर एक खाच होती, आणि ती कालकाच्याच दाराची होती. गोमिलने सगळे ऐकून घेतले, कालकाच्या नावाने बोटे मोडली आणि म्हणाला, "तू कशाला घाबरतोस? मी उभा राहतो. एक उभा राहिला की पाच व्हायला कितीसा वेळ लागणार?" चंदिल घरी आला आणि त्याने बायकोला, इसिकेला, तसेच सांगितले.

सकाळी चौकात श्रेणी जमली. चाळीस कावडवाले आले होते. कालक पांढरे वस्त्र नेसून आला होता आणि सगळ्यांशी नम्रपणे बोलत होता. या गरिबाला शिक्षा व्हावी अशी माझी मुळीच इच्छा नाही, असे तो साळसूदपणे म्हणाला, पण नियम हा नियम. श्रेणीप्रमुखाने चंदिलला विचारले, चकती आहे का. कालकाने मान जरा पुढे काढली. चंदिलने कमरेचे फडके सोडले आणि चकती मुठीत घेतली. चौकात बैलांना पाणी पाजण्याची एक दगडी डोणी होती. तो तिच्यापाशी गेला, मूठ पाण्यात बुडवली आणि कोणी काही म्हणायच्या आत चकती चोळू लागला. कच्ची माती ती, तिला कितीसा वेळ लागणार? पाणी गढूळ झाले आणि हात मोकळा झाला.

मग तो वळून म्हणाला, "घडे मी पोहोचवले. कोणाच्या हातात दिले ते मी सांगणार नाही. पुरावा होता, तो मी तुमच्या डोळ्यांदेखत विरघळवला. यात एक शब्दही खोटा नाही. आता तुम्हाला काय वाटेल ते तुम्ही करा."

लोक हसले. चोर आहे तो आहे, वर वेडही घेतो, असे कोणीतरी म्हणाले. कालक मात्र हसला नाही. हातचा अंगठा निसटल्याचे त्याला लगेच कळले असावे.

श्रेणीप्रमुखाने रिवाजाप्रमाणे विचारले, या दाराविरुद्ध कोणी शब्द देतो का. चंदिलने गोमिलकडे पाहिले. गोमिल आपल्या नखांकडे बघत होता. प्रमुखाने दुसऱ्यांदा विचारले. त्या चाळीस जणांतल्या निदान बारा जणांना कालकाने फसवले होते, आणि प्रत्येक जण दुसरा कोणी आधी उठेल म्हणून थांबला होता. तिसऱ्यांदा विचारून झाले. कोणाला खोकला आला, कोणी पागोटे सारखे केले. एकही उठला नाही.

बांबू गुडघ्यावर धरून मोडायला फारसे कष्ट पडले नाहीत, दोन खाचा आधीच होत्या. कालकाने सगळ्यांसमोर सांगितले की माझ्या मनात या माणसाविषयी काही नाही, मी त्याला क्षमा केली आहे. त्याच्या मोठ्या मनाची नगरात पुष्कळ दिवस वाहवा चालली होती. दुसरे दोन घडे पोहोचवायची काडी गोमिलच्या वाट्याला आली. त्या दिवशी कालक स्वतः देवडीवर आला आणि न मागता चकतीवर अंगठी उमटवून दिली.

चंदिल डोक्यावर पाटी घेऊन दगड वाहू लागला, कारण त्या कामाला श्रेणी लागत नसे. महिनाभराने कालकाने तमालाला उत्तरेकडे जाणाऱ्या एका तांड्याला विकून टाकले. चकतीवर कोणाचा ठसा होता हे त्याला कधी कळले नाही, पण ही बाई न सांगता काहीतरी करून बसते एवढा वास त्याला लागला होता, आणि तेवढे त्याला पुरले. तांडा वेशीबाहेर पडला तेव्हा चंदिल तिथेच पाटी उतरवत होता. ती गाडीच्या कठड्याला धरून बसली होती. दोघांनी एकमेकांना पाहिले. बोलण्याइतकी गाडी थांबली नाही.

घरी आल्यावर त्याने इसिकेला ते सांगितले. इसिका कण्या निवडत होती. इतके दिवस तिने एक शब्द काढला नव्हता, तो त्या दिवशी काढला.

"तुमच्या चांगुलपणाचा या घराला काय उपयोग झाला, ते मला एकदा सांगा."

"घराला काही झाला नाही."

"मग कोणाला झाला?"

"तमालाचे दोन्ही अंगठे शाबूत आहेत."

"आणि ती विकली गेली."

"हो," चंदिल म्हणाला, "विकली गेली."

इसिका पुन्हा कण्या निवडू लागली. असे त्या दोघांचे आयुष्य दगडांच्या पाटीखाली सरले, आणि यथाकाल ते आपापल्या कर्माप्रमाणे पुढे गेले.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली ती सुजात नावाच्या भिक्षूच्या निमित्ताने. सुजात आजारी भिक्षूंसाठी गावातून पेज आणी. भद्रिल नावाच्या एका उपासकाने एके दिवशी कबूल केलेली पेज दिलीच नाही, आणि विचारणा झाली तेव्हा सुजाताने ती वाटेत पिऊन टाकली असे तो सांगत सुटला. सुजात शास्त्यांपुढे येऊन रडला. भद्रिल असाच आहे हे इथे कितीतरी जणांना ठाऊक आहे, पण माझ्यासाठी एकाने तोंड उघडले नाही, असे तो म्हणाला. तेव्हा शास्त्यांनी ही पूर्वजन्मीची हकीकत सांगितली आणि शेवटी कोण कोण होते ते उलगडले.

"तेव्हाचा गृहपती कालक तो आजचा भद्रिल. तमाला ती भिक्षुणी रुचा, जिला आता कोणी विकू शकत नाही. चंदिल तो मी. आणि सुजाता, नखांकडे बघत उभा राहिलेला गोमिल तो तू होतास. चौकातले बाकीचे कावडवाले ते हे सगळे, जे आता इथे बसले आहेत."

मग ते म्हणाले, "या कथेतल्या गुणाचे नाव क्षांती, म्हणजे सहनशीलता. पण नीट ऐकून घ्या. त्या दिवशी चंदिलही गप्प राहिला आणि चाळीस कावडवालेही गप्प राहिले. त्याने दुसऱ्याचा अंगठा वाचावा म्हणून एक नाव पोटात ठेवले. त्यांनी आपला बांबू वाचावा म्हणून तोंड मिटले. पहिल्याला क्षांती म्हणतात. दुसऱ्यालाही लोक तेच नाव देतात, ते तुम्ही देऊ नका."

एवढे बोलून शास्त्यांनी विचारले, भद्रिलाच्या दारात याआधी कोण कोण जाऊन आले आहे. सभेत कोणाला खोकला आला, कोणी चीवर सारखे केले.