येतानाचे चौदा तास

ही हकीकत गेल्या गुरुपौर्णिमेच्या दुपारी, मिरजेत, खुद्द गायक निरंजन सोवनी यांच्या तोंडून ऐकलेली आहे. प्रसंग त्यांच्या तरुणपणीचा.

"पण बाई, मी गंडे बांधू की नको?"

निरंजनने तिसऱ्यांदा विचारले. न्यूयॉर्कमध्ये त्याने गाण्याचा वर्ग काढला होता आणि काही मुले त्याचे शिष्य व्हायला उत्सुक होती. परंतु आपल्या गुरूची आज्ञा असल्याशिवाय दुसऱ्याच्या मनगटाला गंडा बांधायचा नाही, ही घराण्याची रीत. तेवढ्या एका होकारासाठी तो आला होता. आपण तो कमावलेलाच आहे, अशी त्याची खात्री होती.

त्याच्या गुरू गोदूबाई तेरदाळकर अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या.

"किती लांब रे तुझं न्यूयॉर्क?"

"मुंबईपासून साडेबारा हजार किलोमीटर. येताना विमानाला चौदा तास, जाताना सोळा."

"जाताना वाट वाढते?"

"वाट तेवढीच, बाई. येताना वारा पाठीमागून ढकलतो."

"म्हणजे दोन तास त्याने दिले तुला."

"तसं म्हणा."

"मग त्याला काही म्हणालास?"

निरंजन हसला. "वारा कुठे दिसतो, बाई?"

"हं... गा."

त्याच्या पाठीमागे कुमुदताई तंबोरा घेऊन बसल्या होत्या. त्या बाईंच्या थोरल्या शिष्या. निरंजन शिकायला आला त्या दिवसापासून त्याच्यामागे तंबोरा त्यांनीच धरला होता.

त्याने भीमपलासी सुरू केला. आवाज तयार होता, आणि ते त्यालाही ठाऊक होते. आलाप पंचमावर स्थिरावत असताना बाईंनी एक बोट वर केले.

तंबोरा थांबला.

निरंजन गात राहिला. सूर हलला नव्हता. पण खोली एकाएकी उघडी पडल्यासारखी झाली. षड्जावर परतायचे, तर तो तिथे वाट पाहत नव्हता.

तो गप्प झाला... आणि मागे वळला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

कुमुदताईंचे केस पार पांढरे झाले होते. केव्हा झाले?



निरंजनने उठून त्यांच्या गुडघ्यांशी डोके टेकवले.

"अरे, अरे! भोपळा फुटेल तंबोऱ्याचा," कुमुदताई गडबडून म्हणाल्या. "आणि आज काय नवीन? मी इथेच तर असते रोज."

"ते आज कळलं, ताई."

त्याचा आवाज फुटला होता. तयार आवाज इतका साधा निघू शकतो, हे त्याला माहीत नव्हते.

बाईंनी कातरलेली सुपारी त्याच्या तळहातावर ठेवली.

"बांध गंडे."

इथपर्यंत निरंजन आणि कुमुदताई, दोघांच्याही सांगण्यात फरक नाही. यापुढचे मात्र पडताळता आले नाही. बाई आता हयात नाहीत. कुमुदताई म्हणतात, आपण तारा जुळवत होतो, काही ऐकले नाही; बाई नुसत्या हसल्या असाव्यात. निरंजन सांगतात, ते उंबऱ्याशी पोचले तेव्हा बाईंनी हाक मारली:

"जाताना वारा समोरून येईल, बरं का... कुरकुर करू नकोस. तोच आहे."