साळुंकीची इंग्रजी पाटी

पाखरे लिहीत-वाचत होती त्या काळची ही गोष्ट. शिकाऱ्याने तळ्याकाठच्या बाभळींना जाळे टांगले, म्हणून परदेशी बदकांसाठी साळुंकीने इंग्रजीत पाटी लिहिली. तिच्या इंग्रजीचा तळ्यावर दरारा होता. पाटीचा अर्थ असा: 'लव्हाळ्यात उतरू नका, पेरलेले दाणे खाऊ नका आणि जाळ्याखाली झोपणे.'

"अगं, तिथंही 'नका' घाल की," टिटवी म्हणाली.

"सारखं नका, नका! वाचणारा कंटाळेल." साळुंकीने मान उडवली. "भाषेला जरा नखरा हवा, टिटवीबाई."

संध्याकाळी बदके आली. त्यांनी पाटी वाचली. "दोन गोष्टींना मनाई आहे, पण झोपायची सोय केलीय हं!" असे म्हणत ती थेट जाळ्याखाली शिरली. शिकारी दोरी ओढणार, तोच टिटवी आपल्या नेहमीच्याच सुरात ओरडत सुटली. तो सूर कुठल्याही पाणपाखराला कळतो. बदके भर्रकन उडाली आणि जाळे रिकाम्या जमिनीवर पडले.

साळुंकीने चोचीत खडू धरून मुकाट्याने तिसरा 'नका' लिहिला. मग तिने विचारले, "रोज तेच तेच ओरडून तुला कंटाळा नाही येत?"

"मला येतो की," टिटवी म्हणाली. "पण ऐकणाऱ्याचा जीव वाचतो."