ठिपक्याच्या जागची भिंत

“आणि भिंगाच्या मागे?” सोपानबुवांनी विचारलं.

विश्वंभर मनातल्या मनात हसला. एवढ्या प्रश्नावर अडायला तो काय काल आला होता? डोळ्यांच्या डॉक्टरकीची पदवी घेऊन तो बुवांच्या मठातल्या दवाखान्यात शिकायला आला, त्याला दोन वर्षं झाली होती.

“मागे पडदा, बुवा. बाहुलीतून उजेड आत शिरतो, भिंग तो नेमका पडद्यावर आणतं. चित्र उलटं पडतं. मज्जातंतू ते मेंदूकडे नेतो आणि मेंदू सुलटं करून घेतो.”

“छान. आता तुझं मागणं सांग.”

“गावी दवाखाना बांधून झालाय. पाटीसुद्धा रंगवली. फक्त तुमचा होकार हवा.” तो जरा थांबला. “मात्र इथल्यासारखा प्रत्येक डोळा दोघांनी तपासायचा, हे तिथं नको. मी एकटा पुरे.”

त्या होकारासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता. पण गडी चेहऱ्यावर काही दाखवेल तर शपथ.

बुवा उठले. अंगणातल्या चुलीतला कोळसा आणून त्यांनी पांढऱ्या भिंतीवर वीतभर अंतरानं दोन ठिपके काढले.

“मागे हो. डावा डोळा झाक. उजव्यानं डाव्या ठिपक्याकडेच बघ आणि हळूहळू पुढे ये.”

एक पाऊल... दुसरं... भिंत दोन हातांवर आली आणि उजवा ठिपका गडप झाला.

“अंधबिंदू!” विश्वंभर ताडकन म्हणाला. “मज्जातंतू जिथून बाहेर पडतो, नेमकं तिथंच डोळ्याला दिसत नाही. प्रत्येकाचं असंच असतं.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं.”

“अगदी पहिल्या वर्षापासून.”

“मग त्या जागी आता काय दिसतंय? भोक?”

“नाही. भिंत.”

“काळोख?”

“नाही, बुवा... कोरी भिंत.”

“इतकं ठाऊक असूनही?”

विश्वंभरनं डोळा ताणून पाहिला. ठिपका तिथं आहे, हे तो कुणालाही पटवून देऊ शकला असता. डोळा मात्र त्याला छातीठोकपणे भिंतच दाखवत होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो मनातून चरकला.

“झाकलेला डोळा उघड.”

त्यानं हात काढला. ठिपका जागच्या जागी होता.



मग बुवांनी कोळशाचे हात उपरण्याला पुसले.

“खुशाल जा. पाटी लाव... सोबत कुणाला नेतोस, तेवढं सांग.”