शंभरावे पान

फार पूर्वी, कृतयुगात, हिमवानाच्या दक्षिण उतारावर, जिथे भूर्जवृक्षांची दाट राई मंदाकिनीच्या स्फटिकधवल पाण्यावर वाकलेली असे, तिथे मृदुस्वन नावाच्या कविऋषीचा आश्रम होता. हरिणे तिथे होमाच्या वेदीपाशी निर्भयपणे निजत, आणि मुनी श्लोक म्हणू लागला की वाराही जरा थबके म्हणतात.

उषादेवीला त्या काळी एक खंत होती. ती रोज येई आणि सूर्य दिसताच निघून जाई. त्यामुळे त्रिभुवनाने पाहिलेले आपले रूप तिला स्वतःला कधी निवांत पाहता आले नव्हते. म्हणून तिने मृदुस्वनाला आपल्यावर शंभर श्लोक रचायला सांगितले, आणि ते चित्रांनी उजळायला आपली सखी, पाटला नावाची अप्सरा, काम पुरे होईपर्यंत आश्रमात धाडली.

कामाची रीत अशी होती. मृदुस्वन भूर्जपत्रावर श्लोक लिही. पाटला त्यावर सालीचा पापुद्र्यासारखा तलम थर डिंकाने चिकटवी आणि त्या थरावर चित्र काढी. पान उजेडासमोर धरले की कमळांच्या पाकळ्यांतून, हंसांच्या पंखांतून अक्षरे वर येत, जणू चित्रालाच वाचा फुटली. पण पृथ्वीवरचे गेरू, लाख, हरताळ स्वर्गात फिके पडतील, म्हणून प्रत्येक चित्रात ती आपल्या अंगकांतीचा एक थेंब मिसळी. हे तिने कुणाला सांगितले नव्हते.

दिवस जात होते तसे दोघांचे जमत गेले. ती त्याला चिडवी, की मुनिवर, आपला श्लोक इतका ऐसपैस बसतो की माझ्या मोराला पिसारा फुलवायला जागा उरत नाही. त्यावर तो शांतपणे सांगे, की मोराला म्हणावे, जरा आखडून बस.

वर्ष सरत आले तेव्हा शंभरावे पान पुरे झाले, आणि मृदुस्वनाला उमगले. आता ही जाणार. ऋषी खरा, पण जीव गुंतलेला. सकाळी तो म्हणाला, एक शब्द नीट बसला नाही, बदलतो. आता शब्द बदलायचा म्हणजे वरचा थर सोलायचा, नवा चढवायचा, चित्र पुन्हा काढायचे. पाटलेने मुकाट्याने काढले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच शब्द. असा शरद गेला, हेमंतही गेला.

मग एके सकाळी तिने ते पान उजेडासमोर धरले, आणि मृदुस्वनाला अक्षरे तिच्या हातातूनही आरपार दिसली.

"पाटले, हे काय झाले तुझ्या हाताला?"

"रंग पुरवत होते, मुनिवर. संपत आला."

"आणि बोलली नाहीस? अगं, पहिल्या दिवशीचाच शब्द बरोबर होता."

"ठाऊक होते," ती म्हणाली. "वाचता येते मला. पण मलाही जायचे नव्हते."

मृदुस्वनाने स्वतःच्या हाताने वरचा थर सोलून काढला, पहिलाच शब्द परत लिहिला, आणि तिला कुंचल्याला हात लावू दिला नाही.

उषा आली, तेव्हा त्याने नव्व्याण्णव चित्रे आणि एक उघडे पान तिच्यापुढे ठेवले. म्हणाला, "देवी, लोभ माझा, अपराध माझा. शाप द्यायचा तो मला दे. पण हिला आजच घेऊन जा."

उषेने दोघांकडे पाहिले. "हे मुने, तुझी अक्षरे आणि हिचे रंग यापुढे एका पानावर येणार नाहीत. मात्र हे राहिलेले चित्र पाटला रोज माझ्या मार्गावर काढील, आणि तू त्याखाली बसून तुझा श्लोक म्हणशील. सूर्य ते रोज पुसून रंग हिला परत देईल, म्हणून ते कधीच पुरे होणार नाही."

हा वर होता की शाप, हे मृदुस्वनाने विचारले नाही. त्याने फक्त हात जोडले.

तोवर पहाट नुसती पांढरी उजाडत असे. तेव्हापासून सूर्य वर येण्याआधी पूर्वेला तो गुलाबी रंग चढतो, आणि कवी मनुष्य त्याच्याकडे पाहत तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत बसतो. रंग उतरेपर्यंत त्याला कुणी हाक मारू नये.