कूर्मराजाच्या पाठीवरची शिखरं

"कूर्मराजाला देवाच्या नैवेद्याशिवाय काहीही घालायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही."

"का?" शाल्मलीने विचारलं.

दत्तोपंतांचा हात नकळत जानव्याकडे गेला. मठाचा कारभार पाहण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता, पण हा शब्द त्यांच्या कानावर कधी पडला नव्हता.

कूर्मराज म्हणजे मठातलं कासव. आपल्या नदीतलं नव्हे, आफ्रिकेच्या माळरानावरचं. परातीएवढं. कोणा भक्ताने परदेशातून आणून मठाधिपती केशवबुवांच्या पायाशी सोडलेलं. कूर्म म्हणजे साक्षात विष्णूचा अवतार, तो मातीत कसा फिरणार? म्हणून त्याला सभामंडपात चौरंग मिळाला, चौरंगावर मखमल मिळाली, ऊन लागू नये म्हणून पडदे मिळाले. सकाळी साजूक तुपातला शिरा, दुपारी दूधभात, संध्याकाळी पेढा. चतुर्थीला मात्र कडक उपास. म्हणजे साबुदाण्याची खिचडी. बुवांच्या ताटातही हेच.

शाल्मली पशुवैद्यकाची पदवी घेऊन बुवांची शिष्या झाली होती. मन शांत करायला आली होती. कासव पाहिलं आणि उरलीसुरली शांतीही गेली.

"डोळे मिटल्यावर काय दिसतं गं?" बुवांनी एकदा विचारलं होतं.

"कासव."

"आणि उघडल्यावर?"

"आजारी कासव."

बुवा तेव्हा नुसते हसले होते...

आज मात्र हसण्याजोगं काही नव्हतं. परवापासून कूर्मराजाने मान बाहेर काढली नव्हती.

"समाधी लागली आहे," पुजारी बंडूतात्या हात जोडून म्हणाले.

"अन्न लागलंय, तात्या. चुकीचं."

"चुकीचं? अगं, घरच्या लोण्याचं तूप आहे!"

"आफ्रिकेत त्याला तूप कोण कढवून देत होतं?"

तात्यांनी दत्तोपंतांकडे पाहिलं. आफ्रिकेची माहिती दोघांनाही नव्हती.

"हा प्राणी गवतावर जगतो," शाल्मली म्हणाली. "चोथा भरपूर, साखर जवळपास नाही, आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, हवं कवचासाठी. शिऱ्यात चोथा नाही, चुना नाही. साखरेने त्याचं पोट आंबतं. दूध तर त्याला पचतच नाही. त्यात तुम्ही पडदे लावलेत. उन्हाशिवाय पोटात गेलेला चुनाही अंगी लागत नाही."

"आणि पाठीवरची ही शिखरं?" दत्तोपंतांनी हुकमाचं पान टाकलं. "अन्न वाईट असतं तर पाठीवर देवळाची शिखरं उगवली असती?"

खरंच, कवचाचा एकेक चौकोन टेकडीसारखा वर आला होता. गावोगावचे लोक त्या शिखरांना हळदकुंकू लावून जात.

"कवच सपाट, गुळगुळीत हवं. वाढ बिघडली की असे उंचवटे येतात. पंत, तुम्ही आजाराला कुंकू लावताय."

"शांतं पापम्!" तात्या पुटपुटले.

शाल्मली उठली. गाभाऱ्याबाहेरच्या टोपलीत कालची पूजा उतरवून ठेवली होती. तिने त्यातून ओंजळभर दूर्वा आणि जास्वंदीची फुलं उचलली, विहिरीवर धुतली आणि चौरंगापुढे धरली.

"अगं, हे निर्माल्य! नदीत सोडायचं असतं ते! जनावराच्या तोंडात?"

"आता जनावर झालं? मघाशी अवतार होता."

"अवतार गवत खातो का?"

"मत्स्यावतार काय बुंदी खात होता?"

पडद्याआडून कोणीतरी खोकलं. केशवबुवा. केव्हापासून उभे होते, कोण जाणे. जड पावलांनी आले, धापा टाकत चौरंगाशी बसले.

"बुवा, तुम्हीच सांगा हिला," दत्तोपंत उसळले. "नियम पाळायचा नसेल तर हिने पिशवी भरावी. दुपारची एसटी आहे."

 बुवांनी कूर्मराजाच्या पाठीवर अंगठा टेकवला. हलकेच दाबला.

कवच वाकलं.

ते दगडासारखं असायला हवं होतं. भिजल्या पुठ्ठ्यासारखं वाकलं...

बुवांनी अंगठा काढला. क्षणभर स्वतःच्या सुजलेल्या पावलाकडे पाहिलं. मग तोच अंगठा घोट्यावर दाबला आणि उचलला.

खळगा तसाच राहिला.

शाल्मलीने तो पाहिला. बाकी दोघांनी नाही.

"शाल्मली," बुवा म्हणाले, "गुरूची आज्ञा आहे. शिऱ्याची वाटी घे आणि त्याला भरव."

तिने वाटी उचलली. दत्तोपंतांचा श्वास मोकळा झाला.

ती वाटी तिने भिंतीकडच्या कोनाड्यात नेऊन ठेवली, आणि मखमलीसकट कासव छातीशी धरून उचललं. पडदा खांद्याने सारला, ओटा उतरली आणि त्याला मागच्या अंगणात, कोवळ्या उन्हात, मातीवर ठेवलं. पुढ्यात दूर्वा.

"आता एसटीचं बोला," ती म्हणाली.

 बराच वेळ काहीच झालं नाही. मग कवचाखालून एक सुरकुतलेलं डोकं बाहेर आलं. त्याने मातीचा वास घेतला. एक काडी ओढली. करकर आवाज झाला.

तात्यांचे हात आपोआप जोडले गेले. मग कोणाला जोडले, हे न कळून ते सुटले.

बुवा खांबाला धरून ओट्यापर्यंत आले. कोनाड्यातली वाटी येताना त्यांनी आणली होती. तुपाचा थर वर चकाकत होता. ते पायरीवर बसले आणि वाटी शाल्मलीपुढे धरून प्रसादासाठी धरावा तसा उजवा तळवा पसरला.

"त्याने शिरा सोडला. नैवेद्य वाया जाऊ नये. त्याचा वाटा माझ्या हातावर घाल."

दत्तोपंत खूश झाले. "घाल गं! निदान बुवांना तरी नाही म्हणू नकोस. त्यांना आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही."

"तेच दिसतंय," शाल्मली म्हणाली.

तिने बुवांच्या हातातली वाटी काढून घेतली.

"नाही, बुवा. तुम्हालाही नाही."

 तात्या खांबाकडे पाहू लागले. अंगणात फक्त गवत मोडल्याचा आवाज येत होता...

बुवांचा तळवा अजून पसरलेलाच होता. डोळे मात्र लहान मुलासारखे चमकत होते.

"मग आम्ही काय करावं?" त्यांनी विचारलं.

"पायरी सोडा आणि खाली उतरा. उन्हात, मातीवर."